जुन्या पोकलेनचा दिवा लागला असतां : सेन्सर बदलण्यापूर्वीं तार तपासा

विहीर खणणें, शेततळें काढणें, नाल्यांतील गाळ उपसणें हीं कामें पूर्वीं पहार, टिकाव व पाटी यांच्या बळावर होत. आतां तीं पोकलेन यंत्रानें होतात. फ्रान्समधील एका कंपनीचें हें नांव आपल्याकडे यंत्रासच चिकटून बसलें आहे. सन २०१४ मध्यें जलयुक्त शिवार अभियान व २०१६ मध्यें 'मागेल त्याला शेततळे' ही योजना निघाली, तेव्हांपासून या कामांस गांवोगांव जोर आला. नवें यंत्र आवाक्याबाहेरचें, म्हणून कित्येक शेतकरी एकट्यानें किंवा भागीदारीनें जुनें यंत्र घेतात.

जुनें यंत्र घेतांना आपण बकेट, साखळी, पंप व धूर पाहतों. परंतु यंत्र पुष्कळदां अडतें तें एखाद्या बारीक तारेपाशीं. तें उभें राहिलें म्हणजे नुकसान दुहेरी होतें. वैशाखांत अर्धवट राहिलेलें तळें मृगापूर्वीं पुरें झालें नाहीं तर त्या वर्षाचें पाणी गेलें. आणि इकडे ऑपरेटरचा पगार व कर्जाचा हप्ता थांबत नाहीं. अशा घाईंत कोणी 'सेन्सर गेला' म्हटलें कीं नवा सेन्सर येतो. तो बसवूनही दिवा विझत नाहीं, मग दुसरा येतो. हा खर्च बहुतांशीं टाळतां येण्याजोगा आहे, म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

आजच्या डिझेल इंजिनांत किती डिझेल केव्हां सोडावयाचें हें एक संगणक-पेटी ठरविते. तिला ईसीएम म्हणतात. पाण्याची उष्णता, ऑइलचा दाब, इंजिनाचा वेग इत्यादि बातमी तिला सेन्सर पुरवितात. पेटी सेन्सरकडे ५ व्होल्टचा दाब पाठविते. उष्णतेच्या सेन्सरास बहुधा दोन तारा असतात. तो जसजसा तापतो तसतसा त्याचा विजेस होणारा अडथळा कमी होतो. दाबाच्या सेन्सरास तीन तारा असतात: एक ५ व्होल्टची, एक परतीची व एक निरोपाची. निरोपाच्या तारेवरील दाब साधारणपणें अर्धा ते साडेचार व्होल्ट यांच्या दरम्यान फिरतो. तो या मर्यादेबाहेर गेला कीं पेटी दिवा लावते व कोड नोंदविते.

आमची उमर महसूल दप्तरांत गेली. उताऱ्यावरील नोंद वादग्रस्त असली म्हणजे वाद कोणत्या गटांत आहे एवढें कळतें. चूक कोणाची, तें जागेवर पाहणी केल्याखेरीज कळत नाहीं. यंत्राचा कोडही तसाच. तो विजेचा मार्ग दाखवितो, तुटलेली वस्तु दाखवीत नाहीं.

उदाहरणार्थ, कमिन्सच्या इंजिनांत पाण्याच्या उष्णतेसंबंधानें १४४, १४५ व १५१ असे निरनिराळे कोड आहेत. १४४ म्हणजे निरोपाचा दाब फार चढला; बहुधा तार तुटली किंवा कपलर सुटला. १४५ म्हणजे दाब फार पडला. बहुधा तार कोठें तरी लोखंडास टेकली, अथवा सेन्सर आंतून जुळला. परंतु १५१ म्हणजे सेन्सर व तार ठीक असून पाणी खरोखरच अति तापलें आहे. अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर दोन आंकडे दिसतात. एसपीएन हा विषय सांगतो. ११० म्हणजे पाण्याची उष्णता, १०० म्हणजे ऑइलचा दाब. एफएमआय हा दोषाचा प्रकार सांगतो. ३ व ४ हे विजेच्या दाबाचे, ५ व ६ हे प्रवाहाचे, आणि ० व १ हे खुद्द इंजिनाचे. म्हणून कोड लिहून घेतांना दोन्ही आंकडे लिहावे.

तपासणीचा क्रम पुढीलप्रमाणें ठेवावा.

प्रथम बॅटरी पहावी. या यंत्रांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ केलेले असतात. बंद असतां सुमारें २५ व इंजिन चालतां २७ ते २८ व्होल्ट मल्टीमीटरवर दिसले पाहिजेत. अर्थिंगची पट्टी गंजली असेल तर एकदम पांच-सहा खोटे कोड येतात. पुष्कळ कोड एकाच वेळीं आले म्हणजे पुष्कळ सेन्सर गेले असें समजूं नये. दोष सर्वांच्या सामाईक जागीं शोधावा.

दुसरें, डोळ्यांनीं व हातांनीं वायरिंग पहावें. ब्रॅकेटवर घासलेली तार, उंदरानें कुरतडलेलें आवरण, कपलरांतील हिरवा गंज, वांकलेली पिन व धुतांना शिरलेलें पाणी, हीं नेहमींचीं कारणें होत. इंजिन चालू ठेवून, फिरत्या भागांपासून हात दूर राखून, वायरिंग हळूच हलवावें. त्या क्षणीं कोड आला तर जागा सांपडली.

तिसरें, किल्ली चालू व इंजिन बंद ठेवून सेन्सरचा कपलर काढावा व ५ व्होल्ट येतात कीं नाहीं तें मोजावें. येत नसतील तर त्याच पुरवठ्यावरील इतर सेन्सर एकेक करून काढावे. ज्याचा कपलर काढतांच ५ व्होल्ट परत येतात, तोच गुन्हेगार.

चवथें, उष्णतेच्या दोन-तारी सेन्सराचा कपलर काढतांच १४५ जाऊन १४४ आला, तर तार व पेटी दोन्ही ठीक असून सेन्सर बदलणें योग्य होय. १४५ तसाच राहिला तर नवा सेन्सर आणणें व्यर्थ आहे. शेजारच्या एका गांवीं गेल्या उन्हाळ्यांत असेंच झालें. कपलर काढूनही १४५ हलेना. तारेचा माग काढतां ती इंजिनाच्या मागील ब्रॅकेटखालीं घासून उघडी पडलेली आढळली. ती दुरुस्त करून आवरण घातलें व त्याच दुपारीं तळ्याचें काम पुन्हा सुरू झालें.

काढलेला सेन्सर गरम पाण्यांत धरून मोजतां येतो. थंड असतां बहुधा दोन हजार ओहमच्या आसपास व उकळत्या पाण्यांत दोनशेच्या सुमारास आंकडा येतो. नेमकें माप त्या इंजिनाच्या पुस्तकांत पहावें.

वेगाच्या सेन्सराची खूण निराळी आहे. सेल्फ फिरतो पण इंजिन पेट घेत नाहीं व फेऱ्यांचा कांटा हलत नाहीं. किंवा तापल्यावर यंत्र बंद पडतें आणि निवल्यावर पुन्हा सुरू होतें. अशा वेळीं त्या सेन्सराच्या टोकावर लोखंडाचा कीस जमला आहे काय तें पाहून मग तारा तपासाव्या.

तीन गोष्टी कदापि करूं नयेत. मोजण्यासाठीं तारेच्या आवरणांत सुई टोंचूं नये. त्या छिद्रांतून ओल शिरून पुढें तार सडते. बॅटरी व पेटीचे कपलर सोडविल्याखेरीज यंत्रावर वेल्डिंग करूं नये. आणि दिवा विझविण्यासाठीं सेन्सरच्या जागीं रेझिस्टन्स जोडूं नये. कारण पुढें पाणी खरोखर तापेल किंवा ऑइल उतरेल तेव्हां सांगणारा कोणी उरणार नाहीं, व दोन-चार हजारांच्या सेन्सरापायीं सबंध इंजिन जाम होईल. उष्णतेचा वा ऑइलचा खरा कोड आला तर यंत्र तत्काळ थांबवून पट्टीनें ऑइल पहावें.

जुनें यंत्र घेणारांनीं एवढें अवश्य करावें. किल्ली चालू करतांच धोक्याचे दिवे क्षणभर लागले पाहिजेत; न लागल्यास दिवाच काढलेला असणें संभवतें. चालू कोडांबरोबर जुने नोंदलेले कोडही पडद्यावर किंवा संगणक लावून पहावे, व ते सौद्यापूर्वीं पुसले गेले नाहींत याची चौकशी करावी. यंत्र निदान दोन तास भाराखालीं चालवावें, कारण तारेचे पुष्कळ दोष उष्णतेंतच प्रकट होतात. टेप गुंडाळलेलें वायरिंग दिसलें तर टेप सोडून पहावी. विकणारास हरकत असेल तर भाव तेथेंच समजून घ्यावा.

मल्टीमीटर कांहीं शें रुपयांत मिळतो. तो प्रत्येक भागीदारीच्या यंत्राबरोबर असावा, व कोड, तारीख आणि यंत्राचे तास यांची एक वही ठेवावी. मिस्त्रीचें ज्ञान मोठें खरें. पण मालकानें आंकडा मोजून पुढें ठेवला म्हणजे मिस्त्रीचें काम सोपें होतें, आणि नको असलेला सेन्सर दुकानांतच राहतो.