ईसीजीवर 'लेफ्ट ॲक्सिस डेव्हिएशन' छापून आलंय? म्हणजे नेमकं काय?

हेल्थ चेकअपचा ईसीजी हातात येतो आणि वर मशीननेच छापलेलं असतं, 'लेफ्ट ॲक्सिस डेव्हिएशन'. फोटो फॅमिली ग्रुपवर जातो आणि कुणीतरी 'हृदय डावीकडे सरकलंय' असं ठोकून देतं. हृदय कुठेही सरकलेलं नसतं. हा शब्द विजेच्या दिशेबद्दल आहे.

प्रत्येक ठोक्याआधी हृदयात विजेची एक लहर पसरते. ती एकाच वेळी अनेक दिशांना जाते. रस्सीखेचीत जिकडे जोर जास्त तिकडे दोर सरकतो, तसंच इथे होतं. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत उजव्यापेक्षा साधारण तिप्पट जाड असते, त्यामुळे सगळ्या दिशांची बेरीज डावीकडे आणि खाली झुकते. तो झुकाव म्हणजे ॲक्सिस.

तो अंशांत मोजतात. रुग्णाच्या डाव्या हाताकडे आडवी रेघ म्हणजे ०, पायांकडे ९०, आणि आडव्या रेघेच्या वर गेलं की आकडा उणे. प्रौढांमध्ये उणे ३० ते अधिक ९० नॉर्मल धरतात. रिपोर्टवर 'पी-क्यूआरएस-टी ॲक्सिस' समोर तीन आकडे असतात, त्यातला मधला बघायचा.

आकडा नसेल तरी अंदाज घेता येतो. लहर ज्या लीडच्या दिशेने येते तिथे उंच टोकदार भाग, म्हणजे क्यूआरएस, वर जातो. दूर जाते तिथे खाली. लीड वन आणि एव्हीएफ दोन्हींत तो वर असेल तर ॲक्सिस नॉर्मल. वनमध्ये वर पण एव्हीएफमध्ये खाली असेल तर लीड टू बघा: तिथे वर असेल तर अजून नॉर्मलच, खाली असेल तर डावीकडे कललेला. वनमध्ये खाली, एव्हीएफमध्ये वर असेल तर उजवीकडे.

डावीकडे कलण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे डाव्या बाजूच्या विजेच्या वाटेतल्या पुढच्या फांदीत अडथळा. हृदयाच्या खालच्या भागाला पूर्वी झटका येऊन गेला असेल तरीही असं दिसतं. उजवीकडचा कल सडपातळ, उंच तरुणांत आणि लहान मुलांत बऱ्याचदा निरुपद्रवी असतो. पण फुप्फुसांच्या जुन्या आजारात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ अडकल्यावरही तो दिसू शकतो. म्हणून नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही.

कधीकधी दोष वायरींचा असतो! उजव्या आणि डाव्या हाताच्या क्लिप्स अदलाबदल झाल्या की लीड वन चक्क उलटी येते आणि ॲक्सिस उजवीकडे गेल्यासारखा वाटतो. अशा वेळी क्लिप्स तपासून ईसीजी पुन्हा काढतात.

उलट बाजूही आहे. ॲक्सिस नॉर्मल म्हणजे हृदय ठणठणीत, असं नाही. हार्ट अटॅक चालू असतानाही ॲक्सिस नॉर्मल असू शकतो, कधी पहिला अख्खा ईसीजीसुद्धा. छातीत दाब, घाम, धाप असेल तर ग्रुपवर फोटो टाकत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

त्रास नसेल आणि फक्त हा शब्द छापून आला असेल, तर डॉक्टरांकडे जाताना जुना ईसीजी सोबत न्या. वर्षानुवर्षं तसाच असलेला कल आणि या वर्षी नव्याने आलेला कल यांत मोठा फरक आहे. ईसीजीचा थर्मल कागद काही वर्षांत फिका पडतो, त्यामुळे मोबाईलमध्ये त्याचा स्पष्ट फोटो तारखेसकट ठेवलेला बरा.