घाबरट राक्षस आणि माझी पाच हजार पाकिटं

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण पाकिटावरच्या पात्रांबद्दल बोललो. एक गोष्ट मात्र कॅमेऱ्यासमोर सांगायची लाज वाटली, ती इथे लिहितोय.

दुकानाच्या दुसऱ्या वर्षी मी तिखट शेवेसाठी नवीन पाकीट काढलं. काळंकुट्ट, त्यावर लाल डोळ्यांचा, सुळे बाहेर आलेला मिरचीचा राक्षस. वाटलं, पोरं तुटून पडतील. छपाईवाला पाच हजारांच्या खाली ऑर्डर घेईना, म्हणून पाच हजार छापली. दिवाळीच्या तोंडावर एक आजी नातवाला घेऊन आल्या. पोराने पाकीट उचललं, आजींनी काढून परत ठेवलं. "सणासुदीला असलं कशाला रे घरात?" तीच शेव साध्या पारदर्शक पिशवीत भरली, तर संध्याकाळपर्यंत संपली.

मग हे जमलंय कुणाला, ते शोधायला बसलो.

अमेरिकेतल्या जनरल मिल्स कंपनीने १९७१ साली नाश्त्याची दोन सिरियल आणली. काउंट चॉक्युला म्हणजे चॉकलेटवाला ड्रॅक्युला, आणि फ्रँकन बेरी म्हणजे स्ट्रॉबेरीवाला फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस. पुढे १९७३ ला बू बेरी नावाचं ब्लूबेरीचं भूतही आलं. आता त्यांच्या टीव्हीवरच्या जाहिराती बघा. दोन राक्षस भांडतात, माझं सिरियल भारी की तुझं. भांडण रंगात येतं, तेवढ्यात कुणीतरी समोर येतं आणि या दोघांचीच घाबरगुंडी उडते! बघणारं पोर हसतं, कारण राक्षस त्याच्यापेक्षा भित्रा निघतो. माझ्या मिरचीच्या राक्षसाला फक्त चेहरा होता, गोष्टच नव्हती.

म्हणून त्यांचं सगळं गोड झालं असं नाही हां. १९७२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात बारा वर्षांच्या मुलाची केस छापून आली. शौचाला लाल रंग, रक्तस्राव असेल म्हणून पोराला ॲडमिट केलेलं. निघाला सिरियलमधला खायचा रंग! डॉक्टरांनी त्या प्रकाराला नावच दिलं, 'फ्रँकन बेरी स्टूल'. त्या आईबापांचं काय झालं असेल, विचार करा. शेव लालभडक दिसावी म्हणून रंगाची पुडी हातात घेणाऱ्यांनी आधी कोणता रंग कशात आणि किती चालतो, हे एफएसएसएआयच्या नियमांत बघा. पात्र कितीही गोड असलं तरी पोटात माल जातो.

त्यांच्यातली सगळी पात्रं टिकलीही नाहीत. १९७४ चा फ्रूट ब्रूट, नंतरची यमी ममी, दोन्ही काही वर्षांत बंद. पण २०१० पासून कंपनीने चॉक्युला, बेरी आणि बू वर्षभर विकणं थांबवून फक्त हॅलोविनच्या हंगामात आणायला सुरुवात केली. ३१ ऑक्टोबरला तिकडे पोरं भुतांचे कपडे घालून दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागतात, तो सीझन. २०१३ ला बंद पडलेले दोघंही पाहुणे म्हणून परत आले. २०२३ ला कार्मेला क्रीपर नावाची झोंबी आली, फ्रँकन बेरीची चुलत बहीण. घरातलीच, म्हणजे ओळख करून द्यायचा खर्च वाचला.

इथे माझी ट्यूब पेटली. ऑक्टोबर त्यांचा भुतांचा, आपल्याकडे तेव्हा बहुतेकदा लक्ष्मीपूजनाची गडबड. मी भूत चुकीच्या महिन्यात विकत होतो.

साडेतीन हजार पाकिटं शिल्लक होती. राक्षसाच्या तोंडावर बसेल एवढा स्टिकर छापून घेतला: डोळ्यांतून घळाघळा पाणी, हातात तांब्या, बाजूला 'आई गं, मलाच लागली!' आणि दिवाळीला हात न लावता आषाढात, गटारीच्या आठवड्यात काउंटरवर मांडली. संपली. पाकीट काढलं होतं पोरांसाठी, नेलं त्यांच्या बापांनी.