दोन बायका, एक गाव आणि युद्ध: सॅफिक फोक हॉरर म्हणजे काय?

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. एका मित्राने विचारलं, "भो, हे सॅफिक हिस्टॉरिकल फोक हॉरर काय प्रकरण आहे?" नाव लांबलचक आहे, म्हणून आपण एकेक तुकडा सुटा करू.

सॅफिक हा शब्द सॅफो या ग्रीक कवयित्रीच्या नावावरून आला. सॅफिक म्हणजे बाईचं बाईवरचं प्रेम. फोक हॉररमध्ये भीती गावातून येते: जुन्या प्रथा, देवाला दिलेले नवस, आणि एकमुखाने एखाद्याला दोषी ठरवणारी माणसं. १९७३ चा 'द विकर मॅन' हे त्याचं गाजलेलं उदाहरण.

मग यात युद्ध कशाला? कारण युद्धात दोन गोष्टी होतात. पुरुष बाहेर जातात, त्यामुळे घरं आणि शेती बायकांच्या हाती येते. आणि कायदा ढिला पडतो. इंग्लंडमध्ये १६४५ च्या सुमाराला यादवी युद्ध चालू होतं, न्यायालयांचं कामकाज विस्कळीत झालं होतं. तेव्हा मॅथ्यू हॉपकिन्स नावाचा माणूस गावोगाव 'चेटकिणी' शोधत फिरला आणि त्याचे पैसेही घेतले. त्याच्यावर कादंबरी आली, मग १९६८ मध्ये 'विचफाइंडर जनरल' हा सिनेमा.

आता हे सगळं लांबचं वाटत असेल तर दीपनगरहून तापीपलीकडे बघा, उत्तरेला सातपुडा आहे. याच सातपुड्यात धुळे-नंदुरबारकडे 'डाकीण' हा शब्द गोष्टीपुरता राहिलेला नाही. मूल आजारी पडतं, गुरं दगावतात आणि बोट एखाद्या बाईकडे जातं. अनेकदा ती विधवा असते, एकटी राहणारी असते, किंवा तिच्या जमिनीवर कुणाचा तरी डोळा असतो. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला.

म्हणजे नवऱ्याशिवाय जगणारी एक बाई गावाला खुपते. मग अशा दोघी एकमेकींवर प्रेम करत असतील तर? इथे या प्रकारातला खरा प्रश्न येतो: राक्षस कोण?

जुन्या गोष्टींचं उत्तर सरळ होतं. १८७२ च्या 'कार्मिला'मध्ये (ही 'ड्रॅक्युला'च्या २५ वर्षं आधीची) मुलीवर जीव लावणारी मुलगीच रक्तपिपासू निघते. तिथे प्रेमालाच भूत केलंय. नवे लेखक हा कोड उलटा लिहितात: दोघी माणसं, आणि राक्षस म्हणजे त्यांना जाळायला निघालेला जमाव.

मराठीत हे तुकडे आहेत, पण वेगवेगळ्या कपाटात. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. स्वातंत्र्यापूर्वीचं पुणं, कॉलेज, आणि दुसऱ्या मुलीच्या प्रेमात पडलेली सुमित्रा. त्यात भूत एकही नाही, तरी श्वास कोंडतो. दुसऱ्या कपाटात 'तुंबाड': नारायण धारपांच्या लेखनातून प्रेरणा घेतलेला, १९१८ पासून १९४७ पर्यंत पसरलेला सिनेमा. मूळ हिंदी, पण माती अस्सल मराठी. 'तुंबाड' १२ ऑक्टोबर २०१८ ला आला. त्याच्या जेमतेम पाच आठवडे आधी, ६ सप्टेंबरला, सुप्रीम कोर्टाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले होते.

या दोन कपाटांना जोडणारी कादंबरी खानदेशात सहज घडू शकते. काळ १८५८ चा घ्या. खाज्या नाईकांचे भिल्ल इंग्रजांशी लढतायत, ११ एप्रिलला अंबापाणीची लढाई होते. मागे राहिलेल्या एखाद्या पाड्यावर दोघी जणी एकमेकींच्या आधाराने जगतायत. एका घरातलं मूल तापाने फणफणतं आणि भगत विचारतो, "त्या दोघी रात्री दार का लावून घेतात?"

भीती वाटायला एवढा एक प्रश्न पुरतो. आणि आजही कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी फॅमिली ग्रुपवर, कुणीतरी तो विचारतोच. ऐकणाऱ्यांमध्ये अशी कुणी दार लावून बसलेली असेल, तर तिला एवढंच सांगतो: या गोष्टीतली डाकीण तू नाहीस.

चला, भेटू पुढच्या भागात.