कराडच्या भूविज्ञान प्रयोगशाळेस सामूहिक भेट

कोयना परिसरात ११ डिसेंबर १९६७ रोजी झालेल्या भूकंपात दीडशेहून अधिक माणसे दगावली. लहानमोठे धक्के त्यानंतरही बसत आले आहेत. त्यांचे मूळ भूगर्भातच शोधावे, या हेतूने गोठणे येथे २०१७ साली तीन हजार मीटर खोलीचे विवर पुरे झाले. हे संशोधन करणारी, पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी कराडजवळ आहे.

ग्रामकार्यकर्त्यांनी तेथे भेट योजताना प्रथम लेखी परवानगी मागावी व तारीख मिळाल्यावरच वाहन ठरवावे. शास्त्रज्ञांपैकी कोणी मराठीतून समजावून देतील काय, हेही पत्रातच विचारावे. यादी मानकऱ्यांनीच भरून जाते, असा अनुभव आहे. तसे होऊ देऊ नये. विहिरी खोदणारे व गवंडी तीत अवश्य असावेत.

विवरांतून काढलेले खडकांचे दंडगोल पाहावयास मागावेत. काळा पाषाण, मांजऱ्या, मधला तांबडा थर हे विहीर खोदणारा चटकन ओळखील. गोठण्यास हा काळा खडक सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा असून त्याखाली ग्रॅनाइट जातीचा फार पुरातन खडक लागला.

पुढील भूकंपाची तारीख मात्र कोणी विचारू नये. ती सांगणारे शास्त्र आज कोठेही नाही. दगडमातीच्या भिंतीचे कोपरे कसे सांधावेत, हा प्रश्न अभियंत्याचा आहे. शक्य तर बांधकाम खात्याच्या अभियंत्यासच सोबत न्यावे.