अट आणि आवड : डेटाबेसमधील पसंतीचे गणित

गिऱ्हाईक तोंडाने काय मागते यापेक्षा त्यास काय चालेल, हे ओळखण्यात व्यापाऱ्याचे कौशल्य असते. संगणकास हा विवेक उपजत नसतो. १९७० साली एडगर कॉड यांनी डेटाबेसची जी कोष्टकरूप मांडणी प्रतिपादिली, तीत उत्तर अटीवरून ठरते : अट पुरी झाली तर नोंद घ्यावयाची, नाहीतर सोडावयाची.

समजा, आम्हांस तूरडाळ घ्यावयाची आहे. भाव कमी हवा व माल जवळचा हवा. पहिला माल क्विंटलला ९,००० रुपये, पण ३०० किलोमीटरांवर. दुसरा ९,४०० रुपये, १२० किलोमीटरांवर. तिसरा ९,६०० रुपये, २०० किलोमीटरांवर. 'भाव ९,००० पर्यंत आणि अंतर १०० किलोमीटरांपर्यंत' अशी अट घातल्यास हाती काहीच येत नाही. अट फार सैल केली, तर तिन्ही माल पुढे येतात. दोष संगणकाचा नव्हे. आवडीस आम्ही अटीचे रूप दिले, हा आहे.

आवडीचे गणित 'हा त्याहून बरा' या संबंधावर उभे आहे. त्याचे नियम दोन : कोणतीही वस्तू स्वतःहून बरी नसते, आणि पहिली दुसरीहून व दुसरी तिसरीहून बरी असेल, तर पहिली तिसरीहून बरी ठरते. मात्र कोणत्याही दोन वस्तूंत एक सरस ठरलीच पाहिजे, असा आग्रह येथे नाही. वरील तिसरा माल दुसऱ्याहून महाग आणि दूरचाही आहे. म्हणून तो बाद. पहिला व दुसरा मात्र दोन्ही उरतात. अशी निवड करणारी 'स्कायलाइन' ही क्रिया बोरझोनी, कॉसमन व स्टॉकर यांनी २००१ साली मांडली.

उरलेल्यांतून एकच निवडावयाचा, तर भारांक लागतो. एका किलोमीटरास एक रुपया धरल्यास पहिला माल ९,३०० व दुसरा ९,५२० रुपयांस पडतो. तीन रुपये धरल्यास पहिला ९,९०० व दुसरा ९,७६० रुपयांस पडतो, निकाल उलटतो. माल तोच, भाव तोच. केवळ भारांक बदलला.

आज खरेदीच्या संकेतस्थळांवर माल क्रमवार लावलेला दिसतो. त्या क्रमामागे कोणीतरी ठरविलेले असे भारांक असू शकतात, आणि ते आपले असतीलच असे नाही. यास्तव व्यापारी बंधूंस आमची विनंती एवढीच की, आपली अट कोणती व आवड कोणती, हे आधी कागदावर लिहावे. तराजू कोणाचा हे पाहिल्यावाचून आपण माल घेत नाही. तोच नियम येथेही पाळावा.