कूट शब्दकोडे आणि मराठीचे अक्षर

शब्दकोड्याच्या एका घरात नेमके काय भरावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. इंग्रजी कोड्याच्या घरात एक वर्ण बसतो. मराठी दैनिकांतील कोड्याच्या घरात एक अक्षर, म्हणजे व्यंजन अथवा जोडाक्षर आपल्या स्वरचिन्हासह, बसते. या एका भेदामुळे कूट शब्दकोड्याची रचना मराठीत कशी पालटते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. उदाहरणांसाठी सातारा व सांगली या जिल्ह्यांतील गावांची नावे घेतली आहेत. १९४९ साली साताऱ्याचे उत्तर व दक्षिण असे दोन जिल्हे झाले आणि दक्षिण साताऱ्यास १९६० साली सांगली हे नाव मिळाले.

आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्रात प्रसिद्ध झाले. त्यात शब्दाचा केवळ अर्थ दिलेला असे. पुढील दशकात इंग्लंडमध्ये कूट प्रकार रूढ झाला. त्यातील सूचक वाक्याचे दोन भाग असतात: एक भाग उत्तराचा अर्थ सांगतो, दुसरा त्याच्या घडणीचा मार्ग दाखवितो. दोन्ही वाटा एकाच शब्दापाशी मिळाल्या की उत्तराची खातरजमा आपोआप होते.

आपल्याकडे ही कल्पना अगदीच अपरिचित होती असे नव्हे. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आहेत. पदांच्या संधीमुळे जिचा अर्थ झाकला जातो ती ‘समागता’, आणि शब्दाच्या रूढ अर्थाने जी चकविते ती ‘वंचिता’. कूट शब्दकोड्याची निम्मीअधिक युक्ती या दोन संज्ञांत सामावते.

‘साठ मिनिटांची वस्ती, सांगली जिल्ह्यात (४)’ या वाक्याचे उत्तर तासगाव. येथे ‘तास’ आणि ‘गाव’ यांमधील सीमा दोन घरांच्या रेषेवरच पडते. परंतु ‘हातानंतर विहीर, कृष्णा-कोयनेच्या संगमावर (३)’ याचे उत्तर कराड. ‘कर’ आणि ‘आड’ यांची सीमा ‘रा’ या एकाच घराच्या पोटात येते. सोडविणाऱ्यास अक्षर फोडून वर्णापर्यंत जावे लागते. ही समागताच होय. शिवाय तासगाव हा शब्द उच्चारात दोनच अवयवांचा असून घरे मात्र चार व्यापतो. म्हणजे मराठी कोड्याचे एकक उच्चारातील अवयव नव्हे, तर लिपीतील अक्षर आहे.

वंचितेचे उदाहरण पाहावे: ‘षड्जापुढे चांदणी, शाहू महाराजांची राजधानी (३)’. वाचकाचे मन प्रथम कोल्हापूरकडे धावते. पण त्यास चार घरे लागतात. ‘सा’ आणि ‘तारा’ जोडले की छत्रपती संभाजीपुत्र शाहूंची राजधानी सातारा हाती येते.

मराठीत अर्थ लपविणे इंग्रजीहून अवघड आहे, कारण लिंग व वचन क्रियापदात आणि विशेषणात उघडे पडते. विटा या गावासाठी ‘भट्टीतून निघाल्या’ असे लिहिले, तर स्त्रीलिंगी अनेकवचन गुपित फोडते. ‘भट्टीत अनेक, खानापूर तालुक्यात एक (२)’ असे लिहिले म्हणजे लिंग कोठेच दिसत नाही. कोडेकाराचे खरे कौशल्य असे अविकारी शब्द निवडण्यात आहे.

वर्णांची उलथापालथ हा इंग्रजी कोड्याचा मोठा आधार आहे. मराठीत स्वरचिन्ह व्यंजनास चिकटून फिरते, म्हणून हा आधार दुबळा ठरतो. ‘सातारा’ची तीन अक्षरे सहा प्रकारे मांडता येतात; मूळ शब्द वगळता रूढ शब्द एकही होत नाही. उलट वाचन मात्र साधते, आणि तेथे शुद्धलेखनही निर्णायक ठरते. जुन्या पद्धतीचा ‘रवि’ उलटा वाचला तर ‘विर’ असे निरर्थक रूप मिळते. १९६२ साली शासनमान्य झालेल्या नियमांनुसार तो शब्द स्वतंत्रपणे ‘रवी’ असा लिहितात. त्यामुळे ‘उलटा सूर्य शूर (२)’ याचे उत्तर ‘वीर’ असे निर्दोष मिळते.

या चर्चेस एक व्यावहारिक बाजूही आहे. बक्षिसी शब्दकोड्यांच्या स्पर्धांवर १९५५ च्या केंद्रीय कायद्याने निर्बंध घातले: महिन्याच्या बक्षिसांची रक्कम एक हजार रुपयांवर जाऊ नये आणि प्रवेशिका दोन हजारांहून अधिक नसाव्यात. १९५७ साली चमारबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धांना व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाकारले; ज्या स्पर्धांतील यश बव्हंशी कौशल्यावर अवलंबून असते, त्या मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर मानल्या. दोन-तीन पर्याय सारखेच बसत असता आयोजकाने आधी निवडलेला शब्द ओळखावयाचा, यात भाषाज्ञानापेक्षा दैवाचा भाग अधिक.

दुसऱ्या दिवशी उत्तरे छापून आल्यावर वाचकांत जो वाद होतो, त्यातही हाच भेद प्रत्ययास येतो. समानार्थी शब्दांच्या कोड्यात वादाचा शेवट संपादकाच्या उत्तराने होतो. कूट कोड्यात ‘कराड’ का, हे ‘कर’ आणि ‘आड’ यांची फोड करून कोणीही दाखवू शकतो, आणि फोड जुळली नाही तर छापील उत्तरही चुकीचे ठरविता येते. मराठी दैनिकांत कूट कोडे रुजावयाचे असेल, तर कोडेकाराने प्रथम मराठीचे अक्षर, संधी आणि लिंगवचन यांचा हिशेब मांडला पाहिजे. इंग्रजी युक्त्यांचे केवळ रूपांतर येथे पुरे पडणार नाही.