कालबाह्य काडतूस
साठवणुकीची मुदत संपलेल्या अथवा वापरास अयोग्य ठरलेल्या काडतुसास कालबाह्य काडतूस म्हणतात. उष्णता व दमटपणा यांमुळे त्यातील नायट्रोसेल्युलोजयुक्त दारूचे हळूहळू विघटन होते. असे काडतूस क्वचित चाप ओढल्यानंतर काही क्षणांनी पेटते. रिव्हॉल्व्हरचा चाप तेवढ्यात पुन्हा ओढल्यास काडतूसघर फिरते व गोळी नळीच्या रेषेत नसतानाच सुटू शकते. म्हणून सरावाच्या वेळी नळी लक्ष्याकडे रोखून किमान ३० सेकंद थांबतात.

जुन्या दारूगोळ्याची विल्हेवाटही जोखमीची असते. सेवाग्राम ज्या वर्धा जिल्ह्यात आहे, तेथेच पुलगावला लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. त्याजवळील सोनेगाव (आबाजी) परिसरात २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरवताना स्फोट होऊन ६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत स्थानिक मजूर होते.